पहिल्या थंडीचं पातेलं

ताप सहाव्या दिवशी उतरला आणि जाताना काकूंचं नाक घेऊन गेला.

हे त्यांना कळलं ते दूध करपल्यावर. त्या गॅससमोरच उभ्या होत्या, हातात फडकं होतं, नजर खिडकीबाहेर होती. आतल्या खोलीतून काका, म्हणजे त्यांचे यजमान, ओरडत आले, "अगं, घर पेटलंय की काय?" तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. पातेल्याचा तळ काळा झाला होता आणि त्यांना कसलाच वास येत नव्हता. "लक्ष नव्हतं," एवढंच त्या म्हणाल्या. मग न्हाणीघरात जाऊन त्यांनी साबण हुंगला, फिनेल हुंगलं, शेवटी काकांचे दोन दिवसांचे मोजे हुंगले. मोज्यांनीही तोंड उघडलं नाही, तेव्हा त्यांची खात्री पटली.

त्या एकट्याच डॉक्टरांकडे जाऊन आल्या. घरी कुणाला सांगितलं नाही, आणि आगारात तर नाहीच.

बस आगाराचं कॅन्टीन काकू बावीस वर्षं चालवत होत्या. तिथलं रोजचं काम नाकावाचून अडलं नाही. चहाचा रंग दिसतो, भाजलेला ब्रेड दिसतो, अंडं उकडायला घड्याळ पुरतं. अडणार होतं ते थंडीत. थंडीत काकू ‘गरम’ करायच्या. त्याला दुसरं नाव कुणी कधी दिलं नव्हतं. सफरचंदं आणि नासपती चिरून तासभर मंद शिजवायची, घोटून फडक्यातून गाळायची, मग त्या रसात दालचिनी, लवंग, मिरी, आलं आणि संत्र्याची साल यांची पुरचुंडी सोडून पातेलं उकळीच्या जरा अलीकडे धरून ठेवायचं. उकळी आली की लवंग कडू होते. घाईने उतरवलं तर मसाला पुरचुंडीतच राहतो. ती मधली वेळ काकू नाकाने ओळखायच्या.

आगाराची रीत अशी, की फाटकावरच्या थर्मामीटरचा पारा पहाटे पाचाखाली गेला की त्याच सकाळी पहिल्या पाळीला पहिलं पातेलं. गार पाण्याने बस धुणाऱ्या बायका, ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक, सगळे मिळून नव्वद माणसं.

यंदा त्या पातेल्यावर काकूंचं सगळं अवलंबून होतं. त्या तापात होत्या तेव्हा कॅन्टीन नऊ दिवस बंद राहिलं, आणि दहाव्या दिवशी कार्यशाळेच्या फोरमनने आगारप्रमुखांकडे अर्ज दिला. कोपऱ्यात मशीन बसवावं. बटण दाबलं की चहा, कॉफी, सूप आणि फळांचं गरमसुद्धा. ‘मशीनला ताप येत नाही,’ असं त्या अर्जात एक वाक्य होतं. ते काकूंना दोघातिघांनी, वेगवेगळ्या वेळी, अगदी हळहळत ऐकवलं होतं. आगारप्रमुख सबुरीचा माणूस. त्याने शेरा मारला: ‘पहिल्या थंडीचं पातेलं पाहून ठरवू.’

म्हणजे पातेलं फसलं की पातेलं गेलं.

म्हणून रविवारी दुपारी काकूंनी घरी चार लिटरची तालीम केली. सवयीप्रमाणे तीन बोटांच्या चिमटीने लवंगा घातल्या आणि पातेल्यावर वाकल्या. काही नाही. पुन्हा तेवढ्याच घातल्या. काही नाही. तिसऱ्यांदा घातल्यावर वाफ नाकात जरा झोंबल्यासारखी वाटली, तेव्हा त्यांचं समाधान झालं. चव घेतली. गोड कळलं, आंबट कळलं. बाकीचं त्यांनी काकांवर सोपवलं.

काकांनी अर्धा पेला घेतला, थांबले, उरलेला संपवला.

"झकाश," ते म्हणाले.

"काय?"

"झकाश झालंय. फक्त जीभ... जीभ लागत नाहीये मला."

सूनबाई रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. तिने एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. चिमट्याने पुरचुंडी बाहेर काढली, बशीत उघडली आणि लवंगा मोजायला बसली. काकू बघत राहिल्या.

"एकशे अडतीस," ती म्हणाली. "चार लिटरला, आई."

"हात चुकला."

"तुमचा? दूध करपलं तेव्हाच मला शंका आली होती. परवा ओट्यावर व्हिनेगर सांडलं, तुम्ही पाणी समजून पुसून पुढे गेलात. मला बाहेरच्या खोलीत ठसका लागला. किती दिवस झाले?"

काकूंनी पदराने हात पुसले. "आठ आठवडे."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"येईल म्हणाले. तारीख दिली नाही."

"आणि मला शांगितलं नाहीश?" काका म्हणाले.

"तुम्हाला सांगणं म्हणजे आगाराच्या फाटकावर फळा लावणं."

काका निवृत्त टायर-फिटर होते आणि रोज चार तास आगारात बाकावर बसून असत. त्यांनी वाद घातला नाही. जीभही नव्हती.

सूनबाईने कपाटाच्या वरच्या फळीवरून वजनकाटा काढला. तो तिने केक शिकण्यासाठी आणला होता. दोन केक झाले, दोन्ही दाराला अडसर म्हणून चालले असते, तेव्हापासून काटा वरच होता.

"आगाराच्या पातेल्याला लवंग किती?"

"मूठ."

"म्हणजे किती?"

"म्हणजे मूठ. अगं, मुठीला काय आकडा असतो?"

"यात टाका."

काकूंनी टाकली. तेवीस ग्रॅम. सूनबाईने लवंगा परत डब्यात ओतल्या. "पुन्हा." बावीस. "पुन्हा." तेवीस. दहा वेळा झालं. एकदा चोवीस आले, बाकी सगळे बावीस नाही तर तेवीस. सूनबाईने कागदावर आकडे लिहिले होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"आमच्या लॅबमधला नवा माणूस पिपेटनेही इतकं सारखं माप देत नाही," ती म्हणाली.

काकूंनी स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. हात चुकलाच नव्हता. पहिल्या चिमटीला त्याने बरोबर सांगितलं होतं. जे नाक जाग्यावर नव्हतं त्याला विचारत बसल्या, तिथे घोळ झाला.

दुसरं पातेलं त्यांनी हाताच्या मापाने केलं. सूनबाईने घोट घेतला आणि मान हलवली. "आता उलटं. गोड पाणी आहे. मसाला घातलाय की दाखवलाय?"

हे मात्र काकूंना कळेना. माप बरोबर आणि चव नाही, म्हणजे खोट मालात. लवंगेचा डबा गेल्या थंडीतला होता. झाकण उघडून नाकाशी नेण्याची गरज त्यांना कधी पडलीच नव्हती. झाकण काढताच खोली भरायची. त्यांनी पेलाभर पाणी घेतलं आणि त्यात दहा लवंगा टाकल्या. सात पाण्यावर आडव्या पडल्या.

"हे काय?" सूनबाईने विचारलं.

"माझी आई बघायची असं. सकस लवंग बुडते, नाही तर डोकं वर काढून उभी राहते. आडवी पडली की तिच्यातलं तेल गेलं." त्यांनी डबा केराच्या डब्यात रिकामा केला. "तिप्पट घातल्या तेव्हा कुठे यांची जीभ गेली. चांगल्या असत्या तर यांना दवाखान्यात न्यावं लागलं असतं."

सोमवारी नवीन लवंगा आल्या. दहापैकी नऊ उभ्या राहिल्या. दालचिनी कट्कन मोडते का ते पाहिलं, मिरी जिभेवर चावते का ते पाहिलं. उरली ती मधली वेळ. तिच्यासाठी काकूंनी कान लावला. तापत आलेलं पातेलं आधी सूंसूं करतं, आणि उकळीच्या तोंडावर एकदम गप्प होतं. ते गप्प व्हायला लागलं की आच कमी करायची, पुन्हा सूंसूंवर आणायचं, आणि पंचवीस मिनिटं तसंच धरायचं. तिसऱ्या पातेल्याचा घोट घेऊन सूनबाईने पेला पुन्हा भरला.

रात्रीच्या जेवणाला ती म्हणाली, "आई, आगारात सांगून टाका."

"सांगितलं की पातेलं गेलं."

"आणि लपवलं आणि फसलं तर?"

"फसायला मी काय आज उभी राहिलेय चुलीपुढे?"

सूनबाईने आमटीचं भांडं पुढे सरकवलं. काकूंनी भात कालवायला घेतला.

गुरुवारी पहाटे फाटकावरच्या पहारेकऱ्याचा फोन आला. "काकू, चार."

"चार वाजले की पारा चार?"

"दोन्ही."

वीस मिनिटांत त्या कॅन्टीनमध्ये होत्या. फळांची दोन पोती आदल्या संध्याकाळी आली होती. दरवर्षीप्रमाणे बाहेरगावच्या बसच्या सामानाच्या कप्प्यातून. एकात सफरचंदं, एकात नासपती. काकूंनी प्रत्येक सफरचंद अंगठ्याने दाबलं, चिरून आतला गाभा पाहिला, डाग असला तर कापून टाकला. फळ उत्तम होतं. सफरचंदांचं पाऊण पोतं पातेल्यात गेलं, पाणी आलं, खालून आच लागली. पाच वाजायला पाच मिनिटं होती, तेव्हा त्यांनी पोत्याच्या तळाला हात घातला.

तळाशी तळहाताएवढा काळपट डाग होता.

फळ चेंगरलं की असा डाग पडतो. पण तो चिकट असतो. काकूंनी बोट फिरवून अंगठ्याशी चोळलं. चिकट नव्हतं, बोट सरकत होतं. सवयीने त्यांनी ते नाकाशी नेलं आणि स्वतःवरच चिडल्या.

दार उघडलं आणि धुलाईच्या बायकांची मुकादम आत आली. आगारात तिला सगळे ‘तोफ’ म्हणत, तिच्या तोंडावर, कारण पाठीमागे म्हटलेलंही तिला ऐकू जाई.

"काकू, झालं का? बोटं गळून बादलीत पडायला लागली आमची!"

"इकडे ये. याला कसला वास येतो बघ."

"मला? थंडी पडल्यापासून या नाकातून फक्त पाणी येतं, काकू. का हो, तुम्हाला नाही कळत?"

काकू पातेल्याकडे वळल्या. पातेल्यातली फळं मऊ व्हायला लागली होती. दोन मुठी मसाला घातला तर बहुतेक सगळं झाकलं जाईल, हे त्यांना माहीत होतं. माणसं थंडीने काकडलेली असतात, गरम म्हटलं की पितात. बहुतेक कुणाला कळणारही नाही. ‘बहुतेक’ हा शब्द त्यांच्या डोक्यात दोनदा आला, आणि त्यांनी हात पुढे करून गॅस बंद केला.

"आच का काढली?" तोफ म्हणाली.

"पातेल्याजवळ थांब. कुणाला झाकण उघडू देऊ नकोस."

पोतं काखेत मारून त्या आगाराचं अंगण ओलांडून कार्यशाळेत गेल्या. कार्यशाळेच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या बसचा क्लच जळालाय की ब्रेक, हे न बघता सांगणारा आगारात एकच माणूस होता, आणि मशीनचा अर्ज त्याचाच होता. फोरमन एका बसखाली होता. बाहेर फक्त बूट दिसत होते. भोवती चार-पाच मेकॅनिक.

"फोरमनसाहेब, बाहेर या. तुमचं नाक पाहिजे."

"घेऊन जा, काकू," एक मेकॅनिक म्हणाला. "नाही तरी ते सगळ्यांच्या कामातच असतं."

हशा झाला. फोरमन सरपटत बाहेर आला, उठून बसला. "कशाला पाहिजे?"

"माझं गेलंय," काकू म्हणाल्या. आवाज त्यांनी मुद्दाम खाली आणला नाही. "तापात गेलं. आठ आठवडे मला कशाचाही वास येत नाही. हे कसलं आहे, ते सांगा."

हशा थांबला. कुणाच्या तरी हातातला पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. फोरमनने पोतं घेतलं, नाकाशी पुरतं नेलंही नाही.

"डिझेल. बाहेरगावच्या गाडीचा ड्रायव्हर कप्प्यात कॅन ठेवतो. शंभरदा सांगितलंय त्याला." मग त्याने काकूंकडे पाहिलं. "आठ आठवडे? आणि आजचं पातेलं तुम्ही करताय?"

"मीच करतेय."

"काकू, माझ्या अर्जाला याहून जास्त काय लागतं, सांगा मला."

"अर्जाचं सहानंतर बघू. आधी हात धुवा आणि चला. साबणाने धुवा. दोनदा."

तो का गेला, हे नंतर त्याने कुणाला सांगितलं नाही. गेला खरा. तोफेने झाकण उघडलं. त्याने वाफ घेतली.

"आहे. थोडा आहे."

"थोडा म्हणजे?"

"म्हणजे मी प्यायलो असतो. दुसऱ्याला दिलं नसतं."

काकूंनी आणि तोफेने दोन बाजूंनी कान धरून पातेलं मोरीत उपडं केलं. अर्ध्या-पाऊण तासाचं काम तीन पळांत वाहून गेलं. काकूंनी तिकडे पाहिलं नाही. त्या पातेलं घासायला लागल्या होत्या.

"आता उरलेलं. एकेक फळ हुंगा. नाही ते बादलीत, आहे ते ताटात."

फोरमन उपड्या खोक्यावर बसला. गुडघ्यांत बादली, मांडीवर ताट. "हे नाही. हे नाही. हे चालेल. हे..." त्याने पुन्हा हुंगलं. "हे नाही." तोफ दारातून बाहेर ओरडून सांगत होती, "फोरमनसाहेब फळं हुंगतायत!" आणि बाहेर त्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं. नासपतींचं पोतं पूर्ण साफ निघालं. सफरचंदं अकरा वाचली. सगळी मिळून अर्ध्या पातेल्याचा माल, आणि घड्याळात सव्वापाच.

तास नव्हता. काकूंनी सालं काढली आणि फोडी बोटाच्या पेराएवढ्या केल्या, म्हणजे दहा मिनिटांत शिजतील. तोफेने दुसरी सुरी घेतली. फळं शिजली, घोटली, गाळली. मग मसाला. काकूंनी डब्यात हात घातला आणि थांबल्या.

हाताला मूठ ठाऊक होती. अर्धी मूठ त्याने आयुष्यात घेतली नव्हती. वजनकाटा घरी होता. क्षणभर त्यांना वाटलं, घ्यावी अंदाजाने. मग त्यांनी नेहमीसारखी पूर्ण मूठ भरली, ती ताटात ओतली, लांब ओळीत पसरली आणि सुरीच्या पात्याने मधोमध तोडली. अर्धी ओळ फडक्यात, अर्धी परत डब्यात. दालचिनीचं तसंच, मिरीचं तसंच.

"आता कुणी बोलायचं नाही," त्या म्हणाल्या.

तोफसुद्धा गप्प राहिली. आगारात असं पूर्वी कधी झाल्याची नोंद नाही. काकूंनी कान पातेल्याकडे केला. सूंसूं सुरू झालं, वाढलं, दबायला लागलं. त्यांनी आच कमी केली. पुन्हा सूंसूं.

दहा मिनिटांनी फोरमन म्हणाला, "उतरवा. आला वास."

"नाही."

"अहो, मला येतोय ना! तुम्हीच बोलावलंत मला."

"तुम्हाला दालचिनीचा येतोय. ती पुढेपुढे करते. लवंग मागून येते. थांबा."

"किती?"

"पंधरा मिनिटं."

"सहा वाजतील, काकू. गाड्या सुटायच्यात."

"गाडीला पाच मिनिटं उशीर झाला तर माणसं बोलतात आणि विसरतात. मघाशी काय ओतलं ते बघितलंत ना? मग आता कच्चंही मी देणार नाही."

फोरमन खोक्यावर बसून राहिला. खिडकीबाहेर हात काखेत घातलेल्या माणसांची रांग लागली होती. सहाला दोन मिनिटं असताना त्याचं डोकं वर आलं, पार्ट जळाल्याचा सुगावा लागल्यावर येतं तसं.

"आली," तो म्हणाला. "लवंग."

काकूंच्या मते अजून अर्धं मिनिट होतं. ते त्यांनी घेतलं आणि मग गॅस बंद केला.

प्रत्येकाला अर्धा पेला आला. काकूंनी खिडकीतून एकदाच, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की फळाला डिझेल लागलं होतं, त्यांना वास येत नाही, पहिलं पातेलं ओतून दिलं, हे दुसरं आहे, म्हणून अर्धं. रांगेत कुजबुज झाली. एक ड्रायव्हर पेल्यात बराच वेळ बघत राहिला. मग प्यायला. तोफेने आपला पेला दोन्ही हातांत धरून ठेवला, बोटं परत येईपर्यंत.

"अर्धाच, पण आहे," ती म्हणाली. तिच्या हळू आवाजात, म्हणजे फाटकापर्यंत.

पहिली बस चार मिनिटं उशिरा सुटली. कॅन्टीन रिकामं झाल्यावर फोरमन आपला पेला घेऊन ओट्यापाशी आला.

"आगारप्रमुख मला विचारणार, पातेलं कसं झालं."

"मग सांगा. सगळं सांगा. ओतून दिलं तेही, उशीर झाला तेही."

"तुम्ही नुसता दुप्पट मसाला घातला असता, तर रांगेतल्या कुणाला कळलं नसतं. मला कळलं असतं."

"माहीत आहे."

"त्यासाठी आलात?"

"तुमच्यासाठी नाही आले. ते घसरडं बोट घेऊन मला नव्वद पेले भरता येईनात." काकूंनी पातेल्यात पाणी सोडलं. "मशीनलाही नाक नाही, मलाही नाही. मी विचारायला उठून येते. ते येईल का, हेही लिहा अर्जात."

त्याने पेला विसळून उपडा ठेवला. बावीस वर्षांत कार्यशाळेच्या कुणी स्वतःचा पेला विसळला नव्हता.

दुपारी आगारप्रमुखाचा शेरा आला. सबुरीच्या माणसाचाच शेरा होता. मशीन चहा-कॉफीपुरतं कार्यशाळेत बसवावं. थंडी संपेपर्यंत पातेलं काकूंकडे राहील. रोज पुरचुंडी सोडण्यापूर्वी आणि उतरवण्यापूर्वी वास घेऊन फोरमनने सही करावी. सही कशावर करायची, हे लिहिलेलं नव्हतं, म्हणून काकूंनी कॅलेंडर टांगलेल्या खिळ्याला एक वही अडकवली. घरी सूनबाईने शेरा दोनदा वाचला आणि वजनकाटा पिशवीत घालून दिला. "अर्ध्या मुठीसाठी," ती म्हणाली.

शुक्रवारी पारा तीन होता. बाजारातून आणलेली सफरचंदं आणि नासपती शिजून गाळून झाली होती, पुरचुंडी बांधून तयार होती, पातेलं पूर्ण होतं. पाच वाजून तेवीस मिनिटांनी फोरमन दारात आला आणि झाकणाकडे हात नेला.

"हात धुतले?" काकूंनी विचारलं.

"धुतले की."

"ग्रीस आहे."

त्याने हात वळवून पाहिले. करंगळीच्या नखाखाली काळी रेघ होती. "तुम्हाला तर वास येत नाही म्हणता."

"डोळे आहेत ना अजून. मोरी तिकडे आहे. लवकर करा, सूंसूं सुरू व्हायला आलंय."